बाल्कन पुढच्या फाट्यापासून सुरू होतो

आमच्या कंपनीचं मुख्यालय व्हिएन्नात आहे. 2025 च्या जूनमध्ये तिथून एक मेल आला. पुढच्या महिन्यापासून स्लोव्हेनियाच्या राजधानीतलं, म्हणजे आमचं ल्युब्ल्यानाचं ऑफिस ‘मध्य युरोप’ विभागातून काढून ‘आग्नेय युरोप’ विभागात टाकलं आहे, एवढाच मजकूर. आग्नेय युरोप म्हणजे रोजच्या बोलण्यातला बाल्कन. पगार तोच, साहेब तोच, काम तेच: कोपर नावाच्या इथल्या बंदरात उतरलेले कंटेनर ऑस्ट्रिया, हंगेरी, स्लोव्हाकियाकडे लावून द्यायचे. मेलमध्ये सहीखालची एक ओळ तेवढी बदलणार होती. पण पुढचे आठ दिवस कॉफीच्या यंत्रापाशी दुसरा विषय निघाला नाही. पगारवाढ रखडली तेव्हाही मी या माणसांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. हिशेब बघणाऱ्या बाई एरवी मोजून मापून बोलतात. त्यासुद्धा म्हणाल्या, “आपल्याला बाल्कनात ढकललं. उद्या विचारतील, तुमच्याकडे लाच किती द्यावी लागते?”

मी ऑफिसातला एकमेव भारतीय. मला हसू आलं आणि ते दिसलं. मग कोणीतरी विचारलंच, “तुला काय कळणार यातलं?”

त्यांना काय सांगणार? त्याच आठवड्यात माझ्या फोनवर मिरजेचा सगळा गोतावळा भांडत होता. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीची सक्ती नको, यावर ग्रुपात बहुतेकांचं एकमत होतं. पण त्यातून गाडी भलत्याच रुळावर गेली. चुलतभावाने लिहिलं, “आपण मुळात साउथवालेच, यूपीवाल्यांनी आपल्याला शिकवू नये.” त्यावर पुण्याच्या काकांनी लिहिलं, “आपण साउथवाले कधीपासून झालो? आपली भाषा संस्कृतोद्भव आहे.” आत्या बेळगावात राहते. तिला घरपट्टीची नोटीस कन्नडमध्ये येते आणि ती दर वेळी शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यावी लागते. तिने दोघांनाही रागाचं तोंड पाठवलं. म्हणजे यातलं मला बरंच कळतं.

स्लोव्हेनिया हा देश केवढा, तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा. लोकसंख्या 21 लाखांच्या आसपास. उत्तरेला आल्प्स, नैर्ऋत्येला एड्रियाटिकचा जेमतेम 47 किलोमीटरचा किनारा, पूर्वेला हंगेरीच्या मैदानाची सुरुवात. संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी विभाग याला दक्षिण युरोपात धरतो. त्याच संयुक्त राष्ट्रांत मतदानाचे गट पडतात, तेव्हा हा देश पूर्व युरोपाच्या गटात बसतो. इथल्या शाळेतली मुलं मात्र ‘मध्य युरोप’ असंच उत्तर देतात. बाहेरच्यांना तर हा देश आणि स्लोव्हाकिया यांतला फरकच कळत नाही. धाकटे जॉर्ज बुश अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होण्याआधी याच दोन देशांत घोळ घालून बसले होते, आणि तो किस्सा इथे अजून चवीने सांगतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत टांगून ठेवल्यासारखं होणार नाही. स्लोव्हेन लोक मध्य युरोपातले आहेत हा दावा मला खरा वाटतो. तो करताना आवाज जो चढतो, तो मात्र मला खटकतो.

दाव्याच्या बाजूने पुरावा भरपूर आहे आणि तो पुस्तकात शोधावा लागत नाही. हा मुलूख शतकानुशतकं, 1918 पर्यंत, व्हिएन्नातून राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याच्या ताब्यात होता. त्यांच्या राजवटीने काय ठेवलं, ते जमिनीच्या नोंदवहीपासून रविवारच्या जेवणापर्यंत दिसतं. रविवारी दुपारी कुठल्याही घरी जा: आधी गोमांसाचं पातळ सूप आणि त्यात शेवया, मग कांद्यावर परतलेले बटाटे आणि व्हिएन्ना पद्धतीचं तळलेलं मांस. गावागावांत गवत वाळवायचे उभे लाकडी मांडव दिसतात. ल्युब्ल्यानाच्या नदीवरचे तीन जोडपूल, बाजाराची ओवरी, विद्यापीठाचं ग्रंथालय हे सगळं योझे प्लेच्निक नावाच्या एका वास्तुविशारदाचं काम. हा माणूस व्हिएन्नात शिकला, प्रागच्या किल्ल्याची डागडुजी केली आणि मग घरी येऊन आपलं शहर पुन्हा बांधत बसला. स्लोव्हेनमधलं पहिलं छापील पुस्तक 1550 सालचं, प्रिमोझ त्रुबार या प्रोटेस्टंट पाद्र्याचं, आणि छापलं जर्मन मुलखात. बोलीत तर जर्मन शब्दांचा सुकाळ आहे. आमचा प्लंबर स्क्रू ड्रायव्हरला ‘श्राउफेन्त्सिगर’ म्हणतो. शुद्ध स्लोव्हेन शब्द त्याला विचारला तर तो डोकं खाजवतो.

दुसरी बाजूही तितकीच हाताला लागते. 1918 नंतरची 73 वर्षं, मधला महायुद्धातला ताबा सोडला तर, हा देश युगोस्लाव्हियाचा, म्हणजे सर्बिया, क्रोएशिया, बॉस्निया वगैरेंना एकत्र बांधणाऱ्या आणि बेलग्रेड राजधानी असलेल्या देशाचा, भाग होता. मुलांनी सैन्यातली नोकरी मॅसेडोनियात किंवा सर्बियात केली, बॉस्नियाची माणसं इथल्या येसेनित्से गावच्या पोलाद कारखान्यात कामाला आली, लग्नं झाली. शुक्रवारी रात्री अकरानंतर बसस्थानकाजवळच्या खिडकीपुढे रांग लागते ती बुरेकसाठी. बुरेक म्हणजे चीज किंवा खिमा भरलेला तेलकट पापुद्र्याचा गुंडाळा, बॉस्नियातून आलेला. रांगेत उभी असलेली पोरं पक्की इथलीच. एके काळी ल्युब्ल्यानाच्या भिंतीवर कोणीतरी लिहिलं होतं: “बुरेक? नाइन, डांके.” म्हणजे बुरेक नको, धन्यवाद. गंमत अशी की नकार दिला तो जर्मनमध्ये. माझ्या घरमालकीणबाई आजही बुरेकचा कागद जिन्यात दिसला की नाक मुरडतात. “हे आपलं नव्हे,” म्हणतात. ‘आपलं’ हा शब्द माझा. त्या ‘नाशे’ म्हणतात. त्यात मी धरलाय की नाही, हे मला कधीच कळत नाही.

हा मुद्दा मला इथल्या कुठल्याही नकाशापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. समोरच्याला वगळायचं असेल तर आम्ही, सामावून घ्यायचं असेल तर आपण. भाषाशास्त्रज्ञ सांगतात, हा भेद आपल्याकडे द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला, अण्णा, अक्का आणि अडकित्त्याबरोबर. (पुण्याच्या काकांना हे मी अजून कळवलेलं नाही.) स्लोव्हेनमध्ये हा भेद नाही. तिथे दुसरं एक नवल आहे: आपण संस्कृतबरोबर मागे टाकलेलं द्विवचन त्यांनी अजून जपलंय, अगदी रोजच्या बोलण्यात. दोघं कॉफीला निघालो तर ‘ग्रेवा’, तिघं असलो की ‘ग्रेमो’. सहकारी दारात येऊन “ग्रेवा?” म्हणाला की मला शाळेतलं ‘गच्छावः’ आठवतं. दोघांसाठी वेगळं क्रियापद राखणारी ही भाषा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ मात्र एकाच ‘मि’मध्ये कोंबते. “आम्ही मध्य युरोपीय” की “आपण मध्य युरोपीय”, हे ऐकणाऱ्याने ज्याचं त्याने ओळखायचं.

आमच्या ऑफिसात हे ओळखणारा एक जण आहे. जन्म येसेनित्सेचा, स्लोव्हेन माझ्या साहेबांपेक्षा स्वच्छ. आडनाव मात्र ‘इच’ने संपतं, आणि तो ‘च’ इथला नाही. हे देवनागरीत लिहून दाखवता येत नाही, म्हणून थोडं सांगतो. आपले दोन च आहेत: चमच्यातला आणि चहातला. स्लोव्हेन वर्णमालेतही ते दोन्ही आहेत, वेगवेगळ्या अक्षरांचे. पण सर्बो-क्रोएशियन बोलणाऱ्यांकडे आणखी एक तिसरा, मऊ च आहे. वर छोटी तिरपी रेघ असलेला. तो स्लोव्हेनच्या 25 अक्षरांत नाही. त्यामुळे पाटीवरचं आडनाव वाचूनच कळतं की याचे आईबाप ‘खालून’ आले. ‘दोल’, म्हणजे खाली, हा दक्षिणेसाठीचा इथला रोजचा शब्द. आणि खालून आलेल्यांसाठी ‘चेफुर’ नावाची एक शिवी आहे. शाळेत त्याने ती रोज ऐकली.

कॉफीच्या यंत्रापाशी तो त्या आठ दिवसांत काही बोलला नाही. नंतर बंदरावर जाताना गाडीत त्याने वडिलांची गोष्ट सांगितली. 25 जून 1991 ला स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. दहा दिवसांचं छोटं युद्ध झालं आणि सुटका झाली. युगोस्लाव्हियाच्या इतर प्रजासत्ताकांतून येऊन इथे स्थायिक झालेल्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करायला सहा महिने दिले होते. खूप जणांनी केला आणि त्यांना ते मिळालं. ज्यांनी केला नाही किंवा ज्यांचा फेटाळला गेला, त्यांची नावं 26 फेब्रुवारी 1992 ला कायम रहिवाशांच्या यादीतून काढून टाकली. न कळवता. अशी 25,671 माणसं. त्यांना इथे ‘इझ्ब्रिसानी’ म्हणतात, पुसलेले. याचे वडील कुठलातरी कागद नवा करून घ्यायला खिडकीवर गेले, तर पलीकडच्या बाईंनी ओळखपत्र मागितलं आणि छिद्र पाडायच्या यंत्राने त्याला भोक पाडून परत दिलं. वीस वर्षं भट्टीवर काम केलेला माणूस एका दुपारी बेकायदा ठरला. पुढे इथल्याच घटना न्यायालयाने हे चूक ठरवलं, 2012 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने देशाविरुद्ध निकाल दिला आणि 2022 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. भोक पाडलेलं ते ओळखपत्र त्याच्या आईने जपून ठेवलंय. त्याने फोनवर फोटो दाखवला. भोक नेमकं वडिलांच्या कपाळावर आलंय.

‘आम्ही युरोपात चाललो, बाल्कन मागे राहिला’ या वाक्याचा खर्च कोणी भरला, ते मला त्या फोटोत दिसलं.

न्यायाने सांगायचं तर ते वाक्य हवेतून आलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात मिलान कुंदेरा या चेक लेखकाने मध्य युरोप ही पळवून नेलेली पश्चिम आहे, असं मांडलं आणि बुडापेस्टपासून ल्युब्ल्यानापर्यंत लेखकांनी तो शब्द उचलून धरला. 1986 पासून इथल्या कार्स्ट भागातल्या विलेनित्सा गुहेत मध्य युरोपीय लेखकाला पुरस्कार दिला जातो. 1988 मध्ये ल्युब्ल्यानात चौघांवर लष्करी खटला चालला, आणि तो स्वतःच्याच राजधानीत, स्लोव्हेनमध्ये नव्हे तर सर्बो-क्रोएशियनमध्ये. चौकात हजारो लोक जमले. हे ऐकलं तेव्हा मला आत्याची घरपट्टी आठवली. आपल्याच गावात आपल्यावरचा कागद दुसऱ्याच्या भाषेत येणं म्हणजे काय, हे मिरज-बेळगाव पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या वेळी ‘मध्य युरोप’ म्हणणं ही बेलग्रेडपासून सुटण्याची वाट होती. सुटून 34 वर्षं झाली, 2004 मध्ये युरोपीय संघ, 2007 मध्ये युरो, सगळं मिळालं. तरी ते शस्त्र अजून परजलेलंच आहे, आणि आता त्याचं टोक ऑफिसातल्या शेजारच्या टेबलाकडे आहे.

इथलाच तत्त्वज्ञ स्लावोय झिझेक यावर एक फर्मास गोष्ट सांगतो. सर्बियात विचारा, बाल्कन कुठे सुरू होतो? ते म्हणतील, खाली कोसोवोत किंवा बॉस्नियात. क्रोएशियात विचारा, तर सर्बियात. स्लोव्हेनियात विचारा, तर क्रोएशियात. आणि ऑस्ट्रियन माणसाच्या लेखी तो स्लोव्हेनियातच सुरू होतो. आमच्या व्हिएन्नाच्या मेलने तेच सिद्ध केलं.

आपल्याकडची ‘दक्षिण’ अशीच पळत असते. बडोद्यात मराठी माणसाला ‘दक्षिणी’ म्हणतात. पंचद्रविड, म्हणजे दक्षिणेकडचे मानलेले पाच ब्राह्मण गट, त्यांच्या जुन्या यादीत महाराष्ट्र आहे, गुजरातसुद्धा आहे. चेन्नईत मात्र माझ्या मित्राने मला सरळ ‘नॉर्थ इंडियन’ म्हणून ओळख करून दिली. इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांवरून भारताचे पट्टे पाडले, तेव्हा महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात ठेवला. ते आमच्या घराला तंतोतंत लागू पडतं, कारण आमच्या एका पिढीत मामाच्या मुलीशी लग्न झालंय आणि पुढच्या पिढीत त्याचा उच्चारही नको असतो. साठच्या दशकातल्या मुंबईत मराठी माणसाचा राग दक्षिणेकडून आलेल्यांवर होता. 2025 च्या जूनअखेरीस सरकारने हिंदीचे दोन्ही आदेश मागे घेतले, 5 जुलैला वरळीत दोघं ठाकरे बंधू एका मंचावर आले, आणि पहिलं कौतुक करणाऱ्यांत तामिळनाडूचे मुख्यमंत्री होते. मग आमच्या ग्रुपात चुलतभाऊ जिंकला. दोन दिवस तरी.

सक्तीला विरोध करणाऱ्यांच्या बाजूने मी आहे, हे इथे लिहून ठेवतो. कोणती भाषा कितवीपासून शिकवावी हा मुलांच्या दप्तराचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर द्यायला आपण द्राविडी की आर्य, हे ठरवायची गरज नाही. ते ठरवायला बसलं की दप्तर बाजूला राहतं आणि नाक्यावरचा पाणीपुरीवाला सापडतो.

भाषेवरून माणूस कुठला हे ठरतं, अशी भाषावार प्रांतरचनेत वाढलेल्या आपली खात्री असते. तिला इथे एक चांगला टोला बसतो. ऑस्ट्रियाच्या दक्षिण कारिंथियात 10 ऑक्टोबर 1920 ला सार्वमत झालं. त्या पट्ट्यात स्लोव्हेन बोलणाऱ्यांची बहुसंख्या होती, तरी 59 टक्के मतं ऑस्ट्रियाला पडली. शेतकऱ्यांचा बाजार ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टला होता आणि बेलग्रेडच्या राजाच्या सैन्यात मुलं पाठवायची नव्हती. स्लोव्हेन लोक अजूनही हे दुःख म्हणून सांगतात. मला ऐकताना गोवा आठवला. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात सुमारे 54 टक्के गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. कोकणी ही मराठीचीच बोली असं धरून चाललेल्या आपल्याकडच्या पुढाऱ्यांनाही ते तितकंच लागलं होतं. दोन्हीकडे मतदाराने आपलं घर कुठे नीट चालेल ते पाहिलं, नकाशावरचा रंग पाहिला नाही.

सप्टेंबरमध्ये नव्या विभागाची पहिली बैठक क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबला झाली. ल्युब्ल्यानापासून 140 किलोमीटर. गाडीत आम्ही चौघं: साहेब, हिशेबाच्या बाई, आडनावात मऊ ‘च’ असलेला तो सहकारी आणि मी. तिथे पोहोचल्यावर कळलं की क्रोएशियन मंडळीच आमच्यापेक्षा जास्त नाराज आहेत. “आम्हाला सर्बांबरोबर बसवलं!” झिझेकची गोष्ट डोळ्यांदेखत एक पायरी खाली उतरली.

रात्री जेवणात चेवापचिची आली, म्हणजे बोटाएवढे खिम्याचे तुकडे, बरोबर कच्चा कांदा. कोणीतरी गिटार काढली आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातली युगोस्लाव्ह गाणी सुरू झाली. हिशेबाच्या बाईंना प्रत्येक गाण्याची प्रत्येक ओळ पाठ होती. दुसरं कडवं विसरलेल्या बेलग्रेडच्या माणसाला त्यांनी ते पुढे म्हणून दाखवलं. मग 2017 च्या बास्केटबॉलचा विषय निघाला, इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात स्लोव्हेनियाने सर्बियाला 93–85 असं हरवलं त्याचा. बेलग्रेडवाला म्हणाला, “तुमचा प्रशिक्षक आमचा होता. आणि द्रागिच, दोन्चिच? च ऐका जरा.” साहेब म्हणाले, “ते आमचेच.” मऊ ‘च’वाला पहिल्यांदाच हसला आणि म्हणाला, “जिंकल्यावर.” बाईंनी त्याला एक शिवी हासडली. इथे सगळे कबूल करतात की अस्सल स्लोव्हेन शिव्या अगदीच सात्त्विक: ‘तीनशे केसाळ अस्वलं’ किंवा ‘तुला खुडूक कोंबडी लाथ मारो’. खरा राग किंवा खरी माया असेल तर शिवी खालूनच आणावी लागते. बाईंनी खालचीच आणली.

परतताना सीमेवर पोलीस उभे होते. क्रोएशिया 2023 मध्ये शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात आला, तपासणी संपली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात स्लोव्हेनियाने ती ‘तात्पुरती’ म्हणून पुन्हा सुरू केली. पोलिसाने आत टॉर्च मारला, माझं कार्ड तेवढं मागितलं, उलटसुलट पाहिलं, परत दिलं. गाडीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग साहेबांनी रेडिओ लावला.

घरी आलो तर जिन्यात भाजलेल्या मिरच्यांचा वास भरला होता. सप्टेंबरात घरमालकीणबाई बाल्कनीत शेगडी मांडून दहा-बारा किलो लाल ढोबळ्या मिरच्या भाजतात, सालं काढून वांग्याबरोबर तास न् तास आटवतात. त्याचा जो लगदा होतो तो आय्वार, आणि तो मूळ मॅसेडोनियाकडचा. त्यांना कृती दिली ती पूर्वी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या स्कोप्येच्या एका बाईंनी. सकाळी दाराशी एक बरणी ठेवलेली होती. तिच्यावर त्यांच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी: ‘दोमाची आय्वार, 2025’. घरचा आय्वार. थालीपिठाबरोबर चांगला लागतो, फक्त वरून थोडं तिखट घालावं लागतं.